पहिली पाळी आधी सुटते

१

सोमवारी सकाळी पावणेसात वाजता, भोंगा व्हायला पंधरा मिनिटं असताना, टाइमकीपर अण्णासाहेबांनी बिल्ल्यांच्या फळ्यावरून नजर फिरवली आणि चहाचा कप तोंडाशी येता येता थांबला.

पिंपरीच्या त्या गिअरच्या कारखान्यात अण्णासाहेब दहा वर्षं या फळ्यासमोर बसत होते. फळ्यावर साडेसहाशे खिळे, प्रत्येक खिळ्याखाली नंबर आणि प्रत्येक खिळ्यावर पितळेचा गोल बिल्ला. कामगारानं आत शिरताना आपला बिल्ला काढून पेटीत टाकायचा. भोंग्यानंतर फळ्यावर जे उरतील ते गैरहजर. अण्णासाहेब माणसांची नावं विसरत, एकदा तर सख्ख्या साडूचं विसरले होते, पण बिल्ल्याचा नंबर कधी विसरले नाहीत.

चौथ्या ओळीच्या टोकाचा एक खिळा मात्र दोन वर्षं रिकामा होता आणि त्याखाली नंबरही नव्हता. आज त्याच खिळ्यावर एक बिल्ला लटकत होता. पितळेचा नव्हे, अ‍ॅल्युमिनियमचा. अण्णासाहेबांनी चष्मा पुसून तो उलटा केला. त्यावर ठोकलं होतं : 'पहिली पाळी – ७'.

या एवढ्याशा पत्र्यापायी गेले पंधरा दिवस चिंचवडच्या चाळीत दोन घरांचं बोलणं बंद होतं आणि एका बाईला लोक चोर म्हणत होते.

झालं होतं असं. कंपनीला दहा वर्षं पूर्ण झाली म्हणून जानेवारीत मालकांनी एक आख्खी बोट ठरवून अडीचशे माणसांना कोकणची सहल घडवली. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मालवणसमोर खोल पाण्यात उभी राहणार आणि बाराला परत फिरणार. किनाऱ्यावर न्यायला मचवे यायचे होते. एका वेळी सगळे कसे उतरणार? म्हणून सहल कमिटीनं नोटीस लावली : पहिली पाळी सात वाजता, दुसरी साडेआठला. प्रेस शॉपमध्ये त्यासाठी मुद्दाम बिल्ले पाडले गेले. उतरल्यावर ज्यानं त्यानं आपापलं फिरावं, साडेअकराला परतीचा शेवटचा मचवा.

कुणाला समुद्रातला किल्ला बघायचा होता, कुणाला बाजार. सरूबाईला फक्त बहीण बघायची होती. सरूबाई मूळची तिकडची. लग्न होऊन पिंपरीला आली ती पंचवीस वर्षांत माहेरी गेली नव्हती. थोरली बहीण तानुबाई आजारी होती आणि तिचं गाव बंदरापासून तासाभराच्या वाटेवर होतं.

"अण्णा, मला समद्यांच्या आधी उतरवा," सरूबाई म्हणाली होती. "दुसरं काय मागत न्हाई मी."

तिचा नवरा धोंडीबा अण्णासाहेबांचा जुना स्नेही. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तरी त्याची बायको म्हणून सहलीत तिचं नाव होतं. अण्णासाहेबांनी पहिल्या पाळीचा सात नंबरचा बिल्ला स्वतःच्या हातानं तिच्या हातात ठेवला. इतकं समाधान त्यांना बऱ्याच दिवसांत लाभलं नव्हतं.

मालवणच्या त्या सकाळी सरूबाई शिडीपाशी गेली, पिशवीत हात घातला, आणि हाताला बिल्ला आला तो 'दुसरी पाळी – ३१'. सातचा नाहीसा झालेला. ती आरडाओरडा करीपर्यंत पहिले मचवे सुटले होते. दुसऱ्या पाळीनं ती उतरली, धावतपळत गावी पोचली आणि बहिणीपाशी अर्धा तास बसून परत फिरली. आठ दिवसांनी तानुबाई गेल्याचं कार्ड आलं.

"माझ्या बहिणीचा दीड तास चोरला," सरूबाई चाळीच्या चौकात ओरडली, "त्या चोराचं वाटोळं व्हईल!" आणि तिनं बोट दाखवलं ते शेजारच्या कस्तुराकडं, कारण त्या पहाटे पिशवी राखायला कस्तुराच बसली होती.

भोंग्याची वेळ झाली. पहिली पाळी फाटकातून आत घुसली. अण्णासाहेबांनी बिल्ला खिशात टाकला. तो रिकामा खिळा कुणाचा हे त्यांना माहीत होतं. तो खिळा धोंडीबाचा होता.

२

"सापडला ना बिल्ला? मग झालं तर!" रंगराव म्हणाले. रंगराव सहल कमिटीचे सेक्रेटरी आणि कॅन्टीन कमिटीचेही. ज्या गावात एकच न्हावी असतो तिथं तोच वैद्य असतो, तशातला प्रकार. "आता त्या कस्तुराचा निकाल शनिवारच्या मीटिंगला लावून टाकू. कोठीच्या किल्ल्या चोरीचा डाग असलेल्या बाईकडे ठेवता येत नाहीत, अण्णासाहेब. लोक बोलतात."

कस्तुरा दुष्काळात बीडकडून आलेली. नवरा नाही, पदरात पाच वर्षांची मुलगी. कॅन्टीनची नोकरी गेली तर तिला परत जायला गाव होतं, पण गावात खायला काही नव्हतं.

"हा बिल्ला तिनं अडकवलेला नाही," अण्णासाहेब म्हणाले. "तो धोंडीबाच्या खिळ्यावर होता. नवी शेड झाली तेव्हा आपण फळ्याचे सगळे नंबर बदलले. तो खिळा मी रिकामा सोडला, नंबरही पुसला. आज तो खिळा कुणाचा, हे फळा बदलायच्या आधीपासूनचा माणूसच सांगेल. कस्तुरा नंतर आली, आणि कॅन्टीनवाले फळ्याकडे फिरकतही नाहीत. त्यांची सही मस्टरवर."

रंगरावांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्यात घेतला. "कुणाकडून अडकवून घेतला असेल. ती नाही तर कोण, ते नाव सांगा. नावाशिवाय मी मीटिंगला काय सांगू?"

"पी हळद आणि हो गोरी! जरा दम धरा. पहिल्या पाळीत कोण कोण उतरलं, याची यादी आहे?"

"कसली यादी! लोकांनी आपसांत इतकी अदलाबदल केली की ब्रह्मदेवालाही पत्ता लागायचा नाही. नवऱ्याला पहिली, बायकोला दुसरी, की लगेच शेजाऱ्याशी बदल. सगळ्यांना जोडीनं जायचं होतं."

"सरूबाईच्या आसपास कोण होतं पहाटे?"

"कस्तुरा होतीच. दुर्गाबाई होत्या, आपल्या फोरमनच्या. आणि लाइफबोटीच्या पलीकडे टूलरूमचा जयसिंग आणि त्याची बायको. मीही चहा वाटत दोनदा गेलो, म्हणजे माझंही नाव लिहा!" रंगराव हसले. "तुम्ही मात्र कुठे दिसला नाहीत."

दिसणार कुठून? भाऊचा धक्का सोडल्यापासून अण्णासाहेबांनी समुद्र पाहिला तो बादलीच्या काठावरून. मालवणला ते उतरलेसुद्धा नव्हते. खाली आडवे पडून, लिंबू हुंगत, आपण सरूबाईला आधी उतरवलं या एका विचारावर ते तग धरून होते.

ते उठले. दाराशी पोचल्यावर रंगरावांनी हाक मारली. "अण्णासाहेब, एक सांगू? ती दुर्गाबाई. तिला मी स्वतः दुसऱ्या पाळीचा बिल्ला दिला होता. आणि ती उतरली पहिल्या पाळीनं."

३

अण्णासाहेब आधी कस्तुराकडे गेले. ती चुलीपुढं बसली होती आणि मुलगी एकटीच अंगणात खेळत होती. एरवी कस्तुरा ड्युटीवर गेली की मुलगी सरूबाईच्या घरी असे, तिच्याच ताटात जेवे. आता मधल्या भिंतीतली खिडकीसुद्धा बंद होती.

"मला काई विचारू नका, अण्णा," कस्तुरा म्हणाली. "लोकं बोलायलेत ते बोलू द्या. मावशी बोलल्या त्याचं वाईट वाटायलंय. दुष्काळातून आले तवा पहिली भाकरी त्यांनी दिली मला. मी त्यांचा बिल्ला घेईन का?"

"पिशवी सोडून तू उठली होतीस?"

"एकदाच. मावशींना तहान लागली म्हणून पाणी आणाया गेले. त्या रांगेत होत्या चहाच्या. पाच मिनटं लागली असतील. आल्यावर बघितलं, पिशवी जागच्या जागी. नाडीची गाठसुद्धा बांधलेली."

"पिशवीत आणखी काय होतं?"

"बहिणीसाठी नवं लुगडं, साखरफुटाणे, फणी. समदं जिथल्या तिथं. तेवढा बिल्ला बदललेला."

अण्णासाहेब परतीच्या वाटेला लागले, पण 'बदललेला' हा शब्द त्यांच्या डोक्यातून जाईना. सातचा बिल्ला ज्याला हवा होता, त्यानं तो उचलावा आणि पळावं. स्वतःचा एकतीसचा तिथं ठेवून, वर नाडीची गाठ बांधायची उस्तवार कोण करील? सरूबाईकडे कुठलाच बिल्ला नसता तर शिडीवरच्या खलाशानं तिला उतरूच दिलं नसतं. म्हणजे ती उतरावी याची चोराला काळजी होती. असला चोर अण्णासाहेबांनी जन्मात पाहिला नव्हता.

संध्याकाळी ते दुर्गाबाईकडे गेले. दुर्गाबाईंनी चहा टाकला आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "व्हय, गेले मी पहिल्या पाळीनं! पवारणीशी बदलला मी बिल्ला. तिला नवऱ्यासंगं जायाचं हुतं, मला ह्यांच्यासंगं. विचारा जावा तिला. आन् बदलून काय दिवं लावलं? सोताच्या पायावर धोंडा!"

"का? किल्ला नाही आवडला?"

"किल्ला चांगलाच हाय. पर माझा खाजा ऱ्हायला की! मालवणचा खाजा आणायचा म्हणून डबा घेऊन गेलेली मी घरनं. दुकानात जाते तर बरण्या मोकळ्या. दुसऱ्या पाळीवाल्यांनी दुकान धुऊन न्हेलं."

अण्णासाहेबांच्या हातातली बशी कलली. "दुसऱ्या पाळीवाल्यांनी? ते तुमच्या आधी बाजारात कसे?"

"अवो, आमचं मचवं सरळ किल्ल्याला न्हेलं! भरती हाय तवर किल्ला बघून घ्या म्हणं. मोठ्या सायबांना सगळं दावत दावत फिरिवलं. बंदराला पाय लागला तवा साडेधा वाजलं हुतं. दुसरी पाळी नवालाच उतरलीया थेट बंदरावर." दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं वो, अण्णा? पांढरंफटक पडलासा."

४

त्या रात्री अण्णासाहेबांनी ताटावर बसल्या बसल्या बोटांवर हिशेब केला आणि जेवण तसंच ठेवलं.

साडेदहाला बंदर. गावापर्यंत चालत तास, म्हणजे साडेअकरा. शेवटचा परतीचा मचवा साडेअकराचा. सात नंबरचा बिल्ला घेऊन सरूबाई पहिल्या पाळीनं गेली असती, तर तिला बहिणीचं तोंड दिसलंच नसतं. दीड तास सोडा, दीड मिनिटही मिळालं नसतं. तिनं किल्ल्याच्या तटावरून समोरचा किनारा बघत बसायचं आणि परत यायचं. आठ दिवसांनी कार्ड आलंच असतं.

आणि तो बिल्ला तिला दिला कुणी? अण्णासाहेबांनी!

कारखान्यातलं लहान पोरही सांगेल, पहिली पाळी आधी भरते आणि पहिली पाळी आधी सुटते. सात ते तीन. दुसरी सुटायला रात्रीचे अकरा. दहा वर्षं हेच गणित अण्णासाहेबांच्या अंगात मुरलेलं. नोटिशीत 'पाळी' हा शब्द वाचला आणि त्यांनी पुढं विचारच केला नाही. समुद्रावरची पहिली पाळी आधी भरली खरी, पण सुटली शेवटी. ही चूक एकट्या त्यांची नव्हती, आख्ख्या कंपनीची होती. पण बिल्ला त्यांच्या हातून गेला होता. ज्याला सगळे चोर म्हणत होते त्यानं ही चूक निस्तरली होती, कुणाला न सांगता. अण्णासाहेबांना वाटलं, हा माणूस सापडला तर आधी त्याचे पाय धरावेत.

मंगळवारी दुपारी ते रंगरावांना एवढंच विचारून आले की किल्ल्याचं कधी ठरलं. "पहाटेच. मचव्यांचा तांडेल म्हणाला, भरती आहे तोवर किल्ला. साहेबांनाही बघायचा होता. लोकांना कशाला सांगायचं? फुकटात किल्ला मिळाला, कोण तक्रार करणार!"

म्हणजे पहाटे तांडेलाचं बोलणं ज्यानं कठड्याशी उभं राहून ऐकलं, तोच. मग त्यानं सरूबाईला सरळ का सांगितलं नाही? "बाई, पहिल्या पाळीनं जाऊ नका," एवढं बोलायला काय लागतं?

या प्रश्नाशी अण्णासाहेब आले आणि थबकले. चाळीत असा एकच माणूस होता, ज्याचा शब्द सरूबाई ऐकणार नव्हती.

५

जयसिंगच्या बायकोनं, रुक्मिणीबाईंनी, पाट मांडला आणि बशीत काहीतरी पिवळंधमक पुढं ठेवलं. "घ्या, अण्णा. मालवणचा खाजा. शेवटचाच ऱ्हायलाय."

जयसिंग अजून टूलरूममधून यायचा होता. अण्णासाहेबांनी एक तुकडा तोंडात टाकला. आल्याचा झणका होता त्याला. "दोघांनी मिळून घेतला वाटतं बाजारात?"

"कुठलं वो! मी एकटीच हिंडले. बिल्लं दोघांचं बी दुसऱ्या पाळीचं, शेजारशेजारचं. माझा तीस, ह्यांचा एकतीस. आन् ऐन टायमाला ह्यांचं काय बिनसलं काय ठावं, म्हणालं, तू जा, मी फुडं जातो. मला टाकून गेलं किल्ल्यावर. कवा न्हाई ते बोटीत बसायचं, तर..."

त्या बोलता बोलता थांबल्या, कारण दारात जयसिंग उभा होता.

अण्णासाहेबांनी खिशातला बिल्ला काढून पाटाशेजारी ठेवला. "सगळ्या कंपनीनं बिल्ले बदलले ते जोडीनं जायला," ते हळू म्हणाले. "तू एकट्यानं बदललास तो जोडी मोडायला. एकतीस नंबर गड्या."

जयसिंग खाली बसला. चाळिशी ओलांडलेला, हाताचा कसबी, तोंडाचा मुका माणूस. धोंडीबा आणि तो एकाच दिवशी टूलरूमला लागले होते. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या विटा दोघांनी मिळून वाहिल्या होत्या. मग पाच वर्षांपूर्वीचा संप झाला. धोंडीबा फाटकाबाहेर बसला आणि जयसिंग, घरात रुक्मिणीचं आजारपण म्हणून, आत गेला. तेव्हापासून बोलणं तुटलं. धोंडीबा गेला त्या दिवशी जयसिंगनं तांब्याभर पाणी सरूबाईपुढं धरलं, तर तिनं तो तांब्या सगळ्यांदेखत जमिनीवर पालथा केला. "या माणसाच्या हातचं पाणी मी मरताना बी घेणार न्हाई." हातचं पाणी न घेणं म्हणजे काय, हे या दोन घरांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या बापजाद्यांनी ते जन्मभर सोसलं होतं. म्हणूनच ते जयसिंगला इतकं लागलं.

"तांडेल खाली मचव्यातून बोलत हुता," जयसिंग म्हणाला. "'पयली खेप किल्ल्यार जातली. भरती आसा तवसर. बंदर धा वाजल्यानंतर.' मी दोनदा इचारून घेतलं. मग बघतो तर वहिनी चहाच्या रांगेत, कस्तुरा पाण्याला. पिशवी तितंच."

"कस्तुराला तरी सांगायचंस."

"कस्तुराला खोटं बोलता येत न्हाई, अण्णा. कुणी सांगितलं म्हणून वहिनींनी इचारलं असतं, तिनं माझं नाव सांगितलं असतं, आन् वहिनी मुद्दाम पहिल्या पाळीनं गेल्या असत्या. तुमाला सांगायला आलो हुतो. तुमी बादलीत तोंड घालून हुता."

अण्णासाहेबांनी पाटाशेजारचा बिल्ला उचलला.

"आणि बिल्ला फळ्यावर?"

"टूलरूमचा रिवाज हाय. हरवलेलं हत्यार खुंटीवर परत आलं की कोन इचारत न्हाई. म्हनलं, धोंडीच्या खुंटीवर गेला की मिटंल, कस्तुरा बी सुटंल. न्हाई मिटलं."

"मग चल माझ्याबरोबर. सरूबाईला सांगू."

जयसिंगनं पहिल्यांदाच मान वर केली. डोळे भरले होते. "नगा, अण्णा. बहिणीपाशी बसल्याला तेवढा अर्धा तास हाय तिच्याजवळ. तो माझ्यामुळं मिळाला म्हनलं तर तोबी तिला कडू लागंल. ऱ्हाऊ द्या मला चोर. पाया पडतो."

६

अण्णासाहेब तीन दिवस घुम्यासारखे वावरले. एका बाजूला जयसिंगला दिलेलं वचन होतं. खरं तर दिलं नव्हतं, पण नाहीही म्हणाले नव्हते. दुसऱ्या बाजूला कस्तुरा. शुक्रवारी ती कॅन्टीनमधून बाहेर पडताना त्यांनी पाहिली, डब्याबरोबर स्वतःची परात आणि झारा घरी चालवलेला. चोर सोडून संन्याशाला सुळी हे त्यांनी ऐकलं होतं. इथं तर चोरच संन्यासी निघाला होता, आणि सुळावर तिसरीच बाई चढत होती.

शनिवारी मीटिंगच्या आधी तासभर ते सरूबाईच्या उंबऱ्याशी जाऊन बसले. कस्तुराला बोलावलं. जयसिंगला दंडाला धरून आणलं. तो अंगणातच उभा राहिला. सरूबाईनं त्याच्याकडे पाठ केली.

"सरूबाई," अण्णासाहेब म्हणाले, "आधी माझा गुन्हा ऐक. सात नंबरचा बिल्ला मी तुला दिला, आणि तो तुझ्याजवळ राहिला असता तर तुला तानुबाई भेटलीच नसती."

त्यांनी खडूनं उंबऱ्याच्या फरशीवर वेळा लिहिल्या. सात, किल्ला. साडेदहा, बंदर. साडेअकरा, शेवटचा मचवा. खाली दुसऱ्या पाळीच्या. नऊ, बंदर. दहा, गाव. साडेदहा, निघाली. सरूबाईला फारसं वाचता येत नव्हतं, पण दहा वर्षं भोंग्यावर चूल पेटवलेली बाई. वेळा तिला बरोबर कळत होत्या. तिनं दोन्ही ओळी बोटानं पुन्हा पुन्हा मोजल्या. मग बोट फरशीवर तसंच राहिलं.

"माझा दीड तास..." ती म्हणाली.

"तो नव्हताच कधी. चोरीला काही गेलं नाही, सरूबाई. तुझ्याजवळ जो अर्धा तास आहे तो कुणीतरी तुला आणून दिलेला आहे. कस्तुरानं नाही, मी तर नाहीच. ज्यानं दिला त्यानं स्वतःचा बिल्ला तुझ्या पिशवीत ठेवला, वरून गाठ बांधली आणि आपल्या बायकोची बोलणी खाल्ली. तू त्याचं ऐकणार नाहीस म्हणून तो बोलला नाही. मी मात्र त्याचा फार ऋणी आहे. माझ्या हातून झालेलं वाईट त्यानं पुसलं. नाहीतर मी तुला तोंड कसं दाखवणार होतो?"

नाव घ्यायची गरज पडली नाही. सरूबाईनं मान वळवून अंगणातल्या जयसिंगकडे पाहिलं. कस्तुराची मुलगी मधल्या भिंतीच्या बंद खिडकीवर टकटक करत होती.

"ताईक दिसत नाय होता," सरूबाई बोलू लागली, आणि पंचवीस वर्षांत चाळीनं न ऐकलेली तिची माहेरची बोली तोंडात आली. "हातान केस चाचपल्यान माझे. म्हणाली, सरू, केस पातळ झाले गो तुझे. मगे फणी घेतल्यान नि माझी येणी घातल्यान. अर्धो तास तेच केल्यान." तिनं डोळ्यांना पदर लावला नाही. पाणी तसंच वाहू दिलं. "ता माका गावला नसता."

मग तिनं कस्तुराचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. "मी तुला समद्यांम्होरं बोलले. आज मीटिंगमध्ये समद्यांम्होरं येऊन सांगते, चूक माझी. त्या रंगरावाच्या हातातनं किल्ल्या काढून तुझ्या कमरेला मी सोता लावते. आन् ती खिडकी उघड आधी, पोर कवाची वाजवतीया."

कस्तुरा उठली. आतून कडी निघाल्याचा आवाज आला.

जयसिंग जायला वळला होता.

"कुठं चाललास?" सरूबाईनं विचारलं. पाच वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. "आत ये. डाव्या कोपऱ्यात माठ हाय. तांब्या धोंडीबाचाच हाय, वळखशील. भरून आण."

जयसिंगनं चपला काढल्या. आत जाताना त्याचं डोकं चौकटीला लागलं, ते त्याला कळलंही नाही. काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन तो बाहेर आला. त्यानं तो तिच्यापुढं धरला आणि मान खाली घातली.

सरूबाईनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्याली. मग रिकामा तांब्या परत त्याच्यापुढं धरला.

"आणखी दे," ती म्हणाली.